क्लबला पश्चात्ताप होतो म्हणे!

दर वर्षी मे-जून आला, युरोपातल्या लीगा आटोपल्या, की एक यादी हमखास कुठेतरी छापून येते. 'क्लबांनी विकले आणि पुढे हिरे निघाले' छापाची. पहिला नंबर केव्हिन डी ब्रुईनचा, दुसरा मोहम्मद सलाहचा, मग पोग्बा, लुकाकू, नाब्री वगैरे. आणि खाली ठरलेलं वाक्य, की आज त्या क्लबला केवढा पश्चात्ताप होत असेल! आमच्या घराण्यातही हा विषय चघळून चोथा झालाय. भाचा चेल्सीवाला, चुलतभाऊ सिटीवाला, त्यामुळे चार माणसं जमली की हे दोघे सुरू. त्या गदारोळात माझं म्हणणं कधी पुरतं मांडता आलं नाही, म्हणून आज इथे सविस्तर लिहितो. नातेवाईक मंडळींनी रागावू नये. (रागावलात तरी लेख काढणार नाही.)

माझं म्हणणं सरळ आहे. क्लबला पश्चात्ताप-बिश्चात्ताप काही होत नाही. पश्चात्ताप व्हायला माणूस लागतो, आणि तो माणूस जागेवर राहावा लागतो. क्लबात दोन्ही नसतं. आणि हा 'पश्चात्तापाचा' गोड खेळ आपण चाहते खेळत बसतो, त्यामुळे खरा प्रश्न विचारायचाच राहून जातो. तो कोणता, ते पुढे येईलच.

आधी डी ब्रुईनचंच प्रकरण घेऊ, कारण सगळ्या यादीचा तो मेरुमणी. जानेवारी २०१२ मध्ये चेल्सीने त्याला बेल्जियमच्या गेंक क्लबकडून घेतलं, साधारण ७० लाख पौंडांना. २०१२-१३ चा हंगाम त्याने उसना खेळाडू म्हणून वेर्डर ब्रेमेनमध्ये काढला. परत आला तेव्हा मोरिन्हो प्रशिक्षक. लीगचे सामने मिळाले तीन. मोजून तीन! जानेवारी २०१४ मध्ये त्याला वोल्फ्सबर्गला विकलं, सुमारे १ कोटी ८० लाख पौंडांना. दीड वर्षात तो जर्मनीतला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू झाला, ऑगस्ट २०१५ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याच्यासाठी साडेपाच कोटींच्या आसपास मोजले, आणि पुढच्या दहा वर्षांत त्याने सिटीला सहा लीग विजेतेपदं आणि २०२३ ची चॅम्पियन्स लीग मिळवून द्यायला मदत केली. हे सगळं पाहून चेल्सीवाल्या भाच्याच्या पोटात कालवाकालव होते, ती मी समजू शकतो.

पण जरा त्या जानेवारी २०१४ मध्ये परत जाऊन बघा. त्याच एका महिन्यात चेल्सीने काय काय केलं? हुआन माटा, ज्याला क्लबने लागोपाठ दोन वर्षं वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं, तो मँचेस्टर युनायटेडला विकला, ३ कोटी ७० लाखांना. बेन्फिकाकडून नेमान्या माटिच आणला, २ कोटी १० लाखांना. (गंमत म्हणजे हाच माटिच चेल्सीने तीन वर्षांपूर्वी डेव्हिड लुईझच्या सौद्यात बेन्फिकाला देऊन टाकला होता!) आणि बाझेलहून सलाह आणला, १ कोटी १० लाखांना. पुढच्याच हंगामात, म्हणजे २०१४-१५ मध्ये, चेल्सी लीग जिंकली, आणि माटिच त्या संघाचा कणा होता. आता सांगा, मे २०१५ मध्ये करंडक हातात असताना चेल्सीतल्या कुणाला डी ब्रुईनची आठवण येऊन रडू फुटलं असेल? ज्याने तो विकला त्याच्या दृष्टीने हिशेब बरोबर जुळला होता. वाईट दिसायला लागलं ते पुढे, आणि तोवर हिशेब करणारा माणूसच बदलला होता. डिसेंबर २०१५ मध्ये मोरिन्हो गेला.

सलाहचं तर याहून मजेशीर. चेल्सीत त्याला लीगचे तेरा सामने मिळाले. मग तो उसना फिओरेन्टिनाला, मग उसना रोमाला, आणि २०१६ मध्ये रोमाने त्याला कायमचं घेतलं. २०१७ मध्ये लिव्हरपूलने त्याला सुमारे ३ कोटी ४० लाखांना उचललं आणि पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये ३२ गोल ठोकले. मोरिन्हो नंतर सांगत राहिला की आणला मी, विकण्याचा निर्णय क्लबचा. आणि कायमची विक्री झाली तेव्हा प्रशिक्षक होता कोन्ते, ज्याच्या हाताखाली सलाह चेल्सीसाठी एकही सामना खेळला नव्हता. मग पश्चात्ताप नक्की कुणी करायचा? आणणाऱ्याने, उसना देणाऱ्याने, की सही करणाऱ्याने? २०२२ मध्ये तर मालकसुद्धा बदलला. सरकारी कचेरीत फाईल फिरते तसं आहे हे. टेबलावर टेबलं बदलत जातात, आणि शेवटी चूक कुणाचीच नसते.

आता कुणी म्हणेल, लुकाकूचं काय? पोग्बाचं काय? तिथे तर क्लबांनी चूक कबूल करून, पैसे मोजून पोरगा परत आणला! बरोबर. आणि काय झालं? २०१४ मध्ये २ कोटी ८० लाखांना एव्हर्टनला विकलेला लुकाकू चेल्सीने २०२१ मध्ये ९ कोटी ७५ लाखांना परत घेतला. वर्षभरात तो उसना म्हणून इंटरला परत! पोग्बा २०१२ मध्ये युनायटेडमधून किरकोळ भरपाईवर युव्हेन्टसला गेला, २०१६ मध्ये ८ कोटी ९० लाखांना, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमी किमतीला परत आला, आणि २०२२ मध्ये करार संपल्यावर पुन्हा फुकटात युव्हेन्टसला गेला. मला विचाराल तर याला पश्चात्ताप म्हणत नाहीत, याला हौस म्हणतात. पश्चात्तापाचा अर्थ असा की माणूस पुढच्या वेळी वेगळं वागतो. इथे वागणं तेच होतं, फक्त किंमत वाढली.

खरं शहाणपण पाहायचं असेल तर रिअल माद्रिदकडे बघा. (मला हा क्लब अजिबात आवडत नाही, पण जे आहे ते आहे.) दानी कार्वाहाल त्यांच्याच अकादमीतला. २०१२ मध्ये त्यांनी तो लेव्हरकुसेनला विकला, ५० लाख युरोंना, पण करारातच लिहून घेतलं की ठरलेल्या किमतीला आम्ही परत घेऊ शकतो. वर्षभर पोरगा जर्मनीत दर आठवड्याला खेळला, तयार झाला, २०१३ मध्ये ६५ लाखांना परत आला, आणि पुढे सहा वेळा चॅम्पियन्स लीग जिंकला. मोराटाचंही तसंच. २०१४ मध्ये युव्हेन्टसला दोन कोटींना दिला. २०१५ च्या उपांत्य फेरीत दोन्ही सामन्यांत त्याने माद्रिदवरच गोल केले आणि त्यांना बाहेर काढलं. २०१६ मध्ये माद्रिदने तीन कोटी मोजून त्याला परत आणला, आणि वर्षाने चेल्सीला विकून भरपूर नफा कमावला. म्हणजे ज्या क्लबाला वाटतं की हा पोरगा उद्या मोठा होऊ शकतो, तो क्लब ते वाटणं कागदावर उतरवतो. जो उतरवत नाही, त्याने दहा वर्षांनी हळहळ दाखवली तर आपण कशाला डोळे पुसायचे?

इथे समोरच्या बाजूचा सगळ्यात दणकट मुद्दा येतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. मुद्दा असा, की विकला नसता तर डी ब्रुईन हा डी ब्रुईन झालाच नसता. चेल्सीच्या बाकावर बसून कुणी घडत नाही. तो वोल्फ्सबर्गला गेला, रोज खेळला, म्हणून घडला. मग जी गोष्ट तुमच्याकडे राहून कधी निर्माणच झाली नसती, ती गेल्याचं दुःख कसलं? शिवाय आपण लक्षात ठेवतो ते निघालेले हिरे. जॉश मॅकेक्रन आठवतोय? २०१० मध्ये चेल्सीकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा इंग्लंडचा पुढचा मोठा मिडफिल्डर म्हणून त्याचा गवगवा होता. २०१५ मध्ये तो ब्रेंटफर्डला गेला. त्याच्या नावाची यादी कुणी छापत नाही. अशी नावं शेकड्याने असतील, आणि त्यांच्या बाबतीत क्लबचा निर्णय बरोबरच ठरला.

मला हा मुद्दा पूर्ण मान्य आहे. पण तो नीट ऐका. तो विक्रीचा बचाव करतो, आणि त्याच दमात क्लबला दोषी ठरवतो! घडायला खेळायला लागतं, आणि तुमच्याकडे खेळायला मिळणार नव्हतं, तर मग घेतला कशाला? डी ब्रुईनने २०१९ मध्ये एका लेखात स्वतः लिहिलंय, की मोरिन्होने त्याला खोलीत बोलावून आकडे वाचून दाखवले. तुझे गोल इतके, पास इतके, आणि ह्या बाकीच्यांचे इतके. त्यावर पोरगा म्हणाला, की ते पंधरा-वीस सामने खेळलेत, मी तीन खेळलोय, मग आकडे वेगळे येणारच ना? यावर कुणाकडे काय उत्तर असणार? मोरिन्होची बाजूही सांगायला हवी. त्याच्या म्हणण्याप्रमाणे डी ब्रुईनलाच जायचं होतं, त्याला बाकावर थांबून स्पर्धा करायची तयारी नव्हती. असेलही. पण बावीस वर्षांच्या मुलाला खेळायचं होतं, हा गुन्हा झाला का?

तर खरा प्रश्न हा आहे. 'विकला का?' हा नाही. 'ठेवला कशाला होता?' हा आहे. एक काळ असा होता की चेल्सीचे चाळीसच्या आसपास खेळाडू एकाच वेळी जगभर उसने फिरत होते. दुकानदार माल साठवून ठेवतो, भाव चढला की काढतो, त्यातला प्रकार. चाळिसातला एक जरी चमकला तरी बाकीच्यांचा खर्च निघतो. या धंद्यात डी ब्रुईन निसटला तर तो तोटा धरलेलाच असतो. मालाच्या साठ्यात थोडी नासधूस व्हायचीच. फक्त नासणारी गोष्ट इथे कांदा नसून कुणाच्या तरी वयाची अठरा ते बावीस ही वर्षं असतात.

बरं, हा सगळा श्रीमंत क्लबांचा खेळ. विकणं हाच ज्यांचा चरितार्थ, त्या गेंकसारख्या क्लबांचं वेगळं असतं. ते पोरं घडवतात, विकतात, त्या पैशात पुढची तुकडी घडवतात, आणि त्यांचा पोरगा करंडक उचलतो तेव्हा अभिमानाने फोटो लावतात. फिफाच्या २००१ च्या नियमांनुसार, बारा ते तेवीस या वयात ज्या क्लबांनी खेळाडू घडवला, त्यांना पुढच्या प्रत्येक मोठ्या सौद्यातला वाटा मिळतो, एकूण पाच टक्के त्यांच्यात वाटले जातात. मुलगी सासरी गेली तरी माहेरचं नातं राहतं, तसं काहीसं. त्यांना पश्चात्ताप कशाला होईल?

आता येतो मला खरोखर अस्वस्थ करणारा भाग. गेल्या काही वर्षांत पोरं विकली जातात ती ओळखायला चुकल्यामुळे नव्हे. चांगली आहेत हे पक्कं माहीत असून विकली जातात. कारण हिशेबाची वही.

समजा तुम्ही पाच कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या कराराने घेतला. वहीत दर वर्षी एक कोटी खर्च पडतो. दोन वर्षांनी चार कोटींना विकला, तर तीन कोटी अजून वहीत शिल्लक, म्हणून नफा फक्त एक कोटी. पण घरच्या अकादमीत वाढलेला पोरगा चार कोटींना विकलात तर? त्याची वहीतली किंमत शून्य, म्हणून चारच्या चार कोटी नफा, तोही एकाच वर्षात! परसातल्या झाडाचे आंबे आणि वाशी मार्केटमधून आणून विकलेले आंबे यात जो फरक, तोच. आणि प्रीमियर लीगच्या २०२३-२४ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांहून जास्त तोटा दाखवला तर गुण कापले जायचे. एव्हर्टनचे त्या हंगामात एकूण आठ गुण गेले, नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार. मग तोटा भरून काढायचा सोपा उपाय कोणता? परसातलं झाड!

फॉरेस्टची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. ब्रेनन जॉन्सन, नॉटिंगहॅममध्येच जन्मलेला, क्लबच्याच अकादमीतला. त्यांनी तो ३० जूनच्या आत विकला असता तर हिशेब बराचसा सावरला असता. चांगला भाव यावा म्हणून ते थांबले आणि १ सप्टेंबर २०२३ ला टॉटनहॅमला साडेचार कोटींच्या वर विकला. जास्त पैसे आणले, पण तारीख चुकली! गावातला पोरगा उशिरा विकला, हा त्यांच्या बचावातला मुख्य मुद्दा होता, आणि तो चालला नाही.

आणि त्याच फॉरेस्टने वर्षभरात दुसऱ्याच्या अडचणीचा फायदा उचलला. जून २०२४. न्यूकॅसलचा एलियट अँडरसन, लहानपणापासून क्लबात वाढलेला, तिथल्याच बाजूचा पोरगा. हिशेबाचं वर्ष संपायच्या टोकाला न्यूकॅसलने तो फॉरेस्टला दिला, साडेतीन कोटींना. बदल्यात फॉरेस्टकडून व्लाहोदिमोस नावाचा गोलकीपर घेतला, जो पुढच्या हंगामात त्यांच्यासाठी लीगचा एकही सामना खेळला नाही. प्रशिक्षक एडी हाउने लपवलं नाही, की त्याला हा सौदा नको होता. सप्टेंबर २०२५ मध्ये अँडरसन इंग्लंडकडून खेळला. इथे पश्चात्ताप हा शब्दही अपुरा आहे. पश्चात्ताप चुकीच्या निर्णयाचा होतो. इथे निर्णय चुकलाय हे सही करतानाच माहीत होतं. (न्यूकॅसलने मार्च २०२५ मध्ये लीग कप जिंकला, १९५५ नंतरचा पहिला देशांतर्गत करंडक, हेही सांगून ठेवतो, नाहीतर चुलतभाऊ म्हणेल सोयीचं तेवढं सांगतोस.)

चुलतभावाचाच विषय निघालाय तर कोल पामर. मँचेस्टरचाच, लहानपणापासून सिटीत. १ सप्टेंबर २०२३ ला सिटीने तो चेल्सीला विकला, चार कोटींना, आणि त्याने पहिल्याच हंगामात लीगमध्ये २२ गोल केले. भाच्याने त्या वर्षी डी ब्रुईनचा सगळा सूड उगवून घेतला. पण सिटीला पश्चात्ताप? त्या वर्षी लीग सिटीनेच जिंकली, लागोपाठ चौथ्यांदा, आणि वहीत जवळजवळ चार कोटींचा निव्वळ नफा. चेल्सीनेही तोवर धडा शिकलाच होता, पण कोणता? मेसन माउंट २०२३ मध्ये, कॉनर गॅलाघर आणि इयान माटसन २०२४ मध्ये. सगळे घरचे, सगळे विकलेले.

नियम करणाऱ्यांचंही तेच. फिफाने जुलै २०२२ पासून परदेशी उसन्या खेळाडूंवर मर्यादा आणली, आधी आठ, मग सात, २०२४ पासून सहा. छान. पण एकवीस किंवा त्याहून कमी वयाचे आणि क्लबातच घडलेले खेळाडू या मोजणीतून वगळले! म्हणजे ज्यांच्यासाठी कुंपण घालायचं, तेच कुंपणाबाहेर. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२६-२७ पासून ज्या नव्या पद्धतीला मत दिलं, तिच्यातही खेळाडू विक्रीचा नफा जमेच्या बाजूला आहेच. परसातलं झाड सुरक्षित नाही ते नाहीच.

मला काय हवंय, असं कुणी विचारेल. विक्री बंद करा असं मी म्हणत नाही. १९९५ च्या बॉसमन निकालानंतर खेळाडूला हवं तिथे जायचा हक्क मिळाला, तो चांगलाच झाला. मला दोनच गोष्टी हव्यात. एक, घरच्या पोराला विकून मिळालेला नफा या मर्यादेच्या हिशेबात पूर्ण धरू नये. तो अर्धा जरी धरला तरी जूनच्या शेवटच्या आठवड्यातली ही घाई कमी होईल. दोन, ज्या तरुण खेळाडूला वर्षभरात ठरावीक सामने मिळाले नाहीत, त्याला ठरलेल्या माफक किमतीला निघून जाता यावं. मग बघा क्लब कसे मोजून-मापून पोरं घेतात ते.

असो. लेख लांबला. भाच्याला एवढंच सांगणं आहे, की क्लबच्या वतीने तू हळहळणं सोड. क्लब हळहळत नाहीये. त्यापेक्षा या वर्षी तुझ्या क्लबाने ज्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना सही करून घेतलंय, त्यातल्या किती जणांना मैदानावर उतरवलं ते मोजत जा. दहा वर्षांनी कोण चमकेल हे तुलाही सांगता येणार नाही, मलाही नाही. पण कोण नुसता बाकावर बसलाय, हे आज बसल्या जागी दिसतं.